गुंठ्याचा कागद आणि घामाचा पैसा

नांदेड-हिंगोली रस्त्याच्या बाजूचे कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा हे केळीच्या बागांचे गाव. अशा रस्त्याकाठच्या गावांत शेतकऱ्यांजवळ बसले की एक प्रश्न हमखास कानावर येतो : "जमीन बापजाद्यांची, घाम आमचा, मग दोन खोल्या बांधायला नि दोन गुंठे विकायला साहेबाला कशापायी विचारायचं?"

प्रश्न खोटा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४२ ने शेतजमिनीचा वापर बदलण्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची अट घातली. लोक याला 'एन.ए. करणे' म्हणतात. त्याआधीच १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने लहान तुकड्यांच्या विक्रीला बंधन घातले होते. मोजणी, नकाशे, दाखले आणि हेलपाटे पैसेवाल्याला परवडतात. दोन एकरवाला दमतो आणि कायद्यालाच शत्रू समजतो. पुढे शासनानेही दोरी सैल केली. गावठाणापासून २०० मीटरच्या आतील जमीन कर भरून अकृषिक समजण्याची सोय झाली. २०२३ साली प्रमाणभूत क्षेत्र बागायतीसाठी १० आणि जिरायतीसाठी २० गुंठ्यांवर आले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ सालीच लहान शेतजमिनींवर निबंध लिहून सांगितले, की दुखणे केवळ तुकड्यांचे नाही. शेतीवर पडलेल्या माणसांच्या भाराचे आणि भांडवलाच्या टंचाईचे आहे, आणि त्यावर उपाय उद्योगधंद्यांचा. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी लहान धारणाक्षेत्रांच्या विधेयकाला विरोधही केला. म्हणून शेतकऱ्याचा राग आम्ही समजू शकतो.

पण कायदा टाळण्याची किंमत कोण मोजतो? आम्ही कचेरीत कारकुनी करतो, म्हणून रोज पाहतो. निवृत्त कामगार फंडाची रक्कम गुंठ्यात घालतो. व्यवहार बॉन्ड पेपरवर, नोटरीपुढे. सातबाऱ्यावर नाव चढत नाही, बँक घरकर्ज देत नाही. विकणारा वारला की त्याची मुले ओळखही दाखवीत नाहीत.

आपल्या समाजाला याहून मोठा धोका आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ साली घेतला. २००४ पासून दादासाहेबांच्याच नावाच्या सबळीकरण योजनेतून भूमिहीनांना जमिनी देण्यात आल्या. शासनाने दिलेल्या अशा जमिनींवर सहसा 'भोगवटादार वर्ग-२' असा शेरा असतो. लग्नासाठी, दवाखान्यासाठी ती जमीन परवानगीवाचून विकली, तर ती शासनजमा होण्याची पाळी येते. विकणारा भूमिहीन होतो, घेणाराही बुडतो. तुरुंगवास सोसून मिळवलेली जमीन एका कागदाने जाते!

म्हणून बंधू-भगिनींनो, इसार देण्याआधी सातबारा आणि फेरफार पाहा. वर्ग-१ की वर्ग-२ ते विचारा. तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, खात्री करा. नोंदणीकृत खरेदीखताशिवाय पैसे मोजू नका. घरातील शिकलेल्या मुलीला सातबारा मोठ्याने वाचायला सांगा आणि सर्वांनी ऐका. सही त्यानंतर.