मेनफ्रेमचे दुभाषे

संगणक म्हटला की आपल्यासमोर टेबलावरचा पडदा आणि कळफलक येतो. परंतु जगातील अनेक मोठ्या बँका आणि विमा कंपन्या यांचे मुख्य हिशेब ज्या यंत्रांवर चालतात, ती यंत्रे निराळ्या कुळातली आहेत. त्यांना मेनफ्रेम म्हणतात. या यंत्रांविषयी आपल्या मुलांच्या मनात एक धास्ती असते. हे फार शिकलेल्यांचे, इंग्रजी शाळेतून आलेल्यांचे काम, असा समज असतो. हा समज खोटा आहे हे नुसते सांगून भागणार नाही, तर त्या विद्येचा एक तुकडा उलगडून दाखवला पाहिजे. म्हणून या लेखात मेनफ्रेमवर लिनक्स बसवताना टर्मिनल आणि डिस्क यांची जुळणी कशी करतात, तेवढेच आम्ही मांडणार आहोत.

थोडी पूर्वपीठिका

आयबीएम कंपनीने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० ही संगणकमाला जाहीर केली. आजची मेनफ्रेम तिचीच वंशज आहे. दुसरीकडे हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिला आणि सर्वांसाठी खुला केला. डिसेंबर १९९९ मध्ये या दोघांची गाठ पडली. जर्मनीतील बोब्लिंगेन येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेत तयार झालेले, मेनफ्रेमवर लिनक्स चालवणारे लिखाण प्रसिद्ध करण्यात आले. या कामाची धुरा पुढे अनेक वर्षे वाहणारे मार्टिन श्विडेफ्स्की २०१९ साली निधन पावले. ते लिखाण आजही कोणालाही वाचता येते.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. स्मृती कोणाला किती द्यायची, काम कोणाचे आधी करायचे, हे कर्नेल ठरवतो. परंतु डिस्क किंवा पडदा यांची भाषा त्याला उपजत येत नाही. त्यासाठी प्रत्येक जातीच्या उपकरणाचा एक दुभाषा लागतो. त्यालाच डिव्हाइस ड्रायव्हर म्हणतात.

मेनफ्रेमवर या दुभाष्याचे काम जरा वेगळे असते. तिथे मुख्य प्रोसेसर डिस्कशी स्वतः बोलत बसत नाही. साहेब जसे कामांची यादी शिपायाच्या हाती देऊन आपल्या फायलीकडे वळतात, तसा प्रोसेसर आज्ञांची यादी 'चॅनल' नावाच्या यंत्रणेला देतो आणि दुसरे काम पाहतो. यादीतली प्रत्येक आज्ञा आठ बाइटांची असते. काम संपले की चॅनल वर्दी देतो. ही यादी बिनचूक लिहिणे हे ड्रायव्हरचे काम होय. प्रत्येक उपकरणाला एक क्रमांक असतो. समजा तो ०१५० असेल, तर लिनक्समध्ये तो '०.०.०१५०' असा लिहितात.

कायम, बदली की रजा?

कर्नेल बांधण्यापूर्वी 'मेक मेनूकॉन्फिग' ही आज्ञा दिली की पडद्यावर प्रश्नावली येते. बहुतेक ड्रायव्हरपुढे तीन उत्तरे असतात : वाय, एम किंवा एन. वाय म्हणजे तो कर्नेलच्या आत कायमचा बांधला जाईल. एम म्हणजे 'मॉड्यूल', तो डिस्कवर राहील आणि बोलावल्यावर हजर होईल. एन म्हणजे त्याला जागाच नाही. आपल्या भाषेत कायम नोकर, बदली कामगार आणि रजा.

सगळेच कायम केले तर कर्नेल विनाकारण फुगतो, म्हणून मॉड्यूलची सोय आहे. पण इथे एक गोम आहे. ज्या डिस्कवर सारी प्रणाली ठेवली आहे, तिचाच ड्रायव्हर मॉड्यूल केला तर काय होईल? मॉड्यूल त्या डिस्कवर आणि डिस्क उघडायला तेच मॉड्यूल हवे. किल्ली कुलूपबंद पेटीत ठेवल्यासारखी गत. कर्नेल सुरू होतो आणि पहिल्याच पायरीवर थांबतो. यावर उपाय दोन : तो ड्रायव्हर वाय करावा, किंवा 'इनिटआरडी' नावाचे छोटे गाठोडे करून त्यात मॉड्यूल ठेवावे. हे गाठोडे कर्नेलबरोबरच स्मृतीत उतरते. आज बहुतेक ठिकाणी दुसराच मार्ग वापरतात.

टर्मिनलचे तीन मार्ग

यंत्र सुरू होताना जे संदेश येतात ते दाखवणाऱ्या जागेला कन्सोल म्हणतात. मेनफ्रेमवर त्याचे मुख्य तीन प्रकार आहेत.

पहिला ३२१५. हा मुळात टंकलेखन यंत्रासारखा छापणारा कन्सोल होता. आज ते यंत्र नसले तरी झेड/व्हीएम ही प्रणाली त्याची नक्कल पुरवते. हा एका वेळी एक ओळ घेतो आणि एक ओळ देतो. पडदाभर फिरून मजकूर दुरुस्त करणारे 'व्हीआय'सारखे संपादक यावर चालत नाहीत.

दुसरा ३२७०. हा १९७१ साली जाहीर झाला. पडद्यावर २४ ओळी, दर ओळीत ८० अक्षरे, म्हणजे एकूण १,९२० जागा. याची रीत बँकेच्या काउंटरसारखी आहे. खातेदार पैसे काढण्याची स्लिप बाजूला उभा राहून भरतो आणि पूर्ण झाल्यावरच खिडकीत सरकवतो. तसे ३२७० वर माणूस पडद्यावरचे रकाने भरतो, तोवर मुख्य यंत्राला पत्ता नसतो. एंटर दाबले की भरलेला मजकूर एकदम जातो. उलट लिनक्सची घडण एकेक अक्षर दाबताक्षणी ऐकण्याची. शिवाय मेनफ्रेमची अक्षरलिपी एबसिडिक आणि लिनक्सची आस्की. इंग्रजी मोठे 'ए' एका लिपीत क्रमांक १९३, तर दुसरीत ६५. या दोन स्वभावांत आणि दोन लिप्यांत मेळ घालणे हेच ३२७० च्या ड्रायव्हरचे काम.

तिसरा प्रकार 'एससीएलपी', म्हणजे यंत्राच्या देखभालीच्या स्वतंत्र कन्सोलवरून बोलण्याचा मार्ग. झेड/व्हीएमखाली कोणता प्रकार वापरायचा ते सुरुवातीच्या 'कॉनमोड' या सूचनेत सांगतात. ज्याचा कन्सोल करायचा तो ड्रायव्हर मॉड्यूल ठेवून चालत नाही, कारण पहिल्या क्षणापासून त्याला हजर राहायचे असते. तो वगळला गेला तर यंत्र चालू होईल, पण ते काय म्हणते आहे हे दिसणार नाही. रोजचे काम मात्र जाळ्यावरून लॉगिन करूनच करतात. कन्सोल हा अडचणीच्या वेळचा दरवाजा आहे.

डिस्क आणि तिची शिस्त

मेनफ्रेमच्या डिस्कला डॅस्डी म्हणतात. तिच्या ड्रायव्हरचा एक सामाईक भाग असतो आणि त्याखाली पोटप्रकार असतात. त्यांना लिहिणाऱ्यांनीच 'डिसिप्लिन', म्हणजे शिस्त, असे नाव दिले आहे. ईसीकेडी ही मुख्य शिस्त, एफबीए ही ठरावीक मापाच्या तुकड्यांची, आणि डायग ही झेड/व्हीएमच्या मध्यस्थीने चालणारी. फायबर चॅनलवरच्या स्कझी डिस्कसाठी 'झेडएफसीपी' नावाचा वेगळा ड्रायव्हर आहे.

ईसीकेडीमध्ये प्रत्येक नोंदीला स्वतःचे मथळ्याचे टिपण असते, जसे खतावणीत नोंदीआधी पान क्रमांक आणि खाते क्रमांक लिहावा. मथळे जागा खातात, म्हणून नोंदी किती मोठ्या कराव्या याला महत्त्व येते. ३३९० मॉडेल ३ या डिस्कवर ३,३३९ सिलिंडर, प्रत्येकात १५ ट्रॅक आणि एका ट्रॅकवर जास्तीत जास्त ५६,६६४ बाइट मावतात. म्हणजे सुमारे २८३ कोटी ८० लाख बाइट. लिनक्स तिच्यावर ४,०९६ बाइटांचे तुकडे पाडतो. एका ट्रॅकवर असे १२ बसतात, म्हणजे ४९,१५२ बाइट. एकूण सुमारे २४६ कोटी १८ लाख. उरलेली जागा मथळ्यांत आणि मधल्या फटींत जाते.

हे तुकडे पाडणारी आज्ञा 'डीएएसडीएफएमटी'. तिने डिस्कवरचे आधीचे सर्व पुसले जाते. त्यानंतर 'एफडॅस्डी' या आज्ञेने जास्तीत जास्त तीन भाग करता येतात. शेवटी 'झिपल' चालवावे लागते. कर्नेल डिस्कवर नेमका कुठे आहे याची नोंद ते करून ठेवते. नवा कर्नेल ठेवला आणि झिपल चालवायचे राहिले, तर यंत्र जुन्याच पत्त्यावर कर्नेल शोधत राहते.

नाव आणि क्रमांक

आता सर्वात जोखमीची गोष्ट. सुरुवातीच्या सूचनेत '०१५०, ०१५२' अशी यादी दिली, तर लिनक्स पहिलीला डॅस्डए आणि दुसरीला डॅस्डबी अशी नावे देतो. ही नावे क्रमावरून पडतात. पुढे कोणी मध्येच ०१५१ ही नवी कोरी डिस्क यादीत घातली. आता डॅस्डबी झाली नवी डिस्क, आणि खातेदारांच्या नोंदींनी भरलेली ०१५२ झाली डॅस्डसी. नवी आहे ती शेवटचीच असणार, असे धरून कोणी डॅस्डसीवर फॉरमॅटची आज्ञा दिली, तर नोंदी गेल्या. राखीव प्रत नसेल तर त्या परत मिळवणे जवळजवळ अशक्य. म्हणून आधी 'एलएसडॅस्डी' चालवून नाव आणि क्रमांक ताडून पाहावा, आणि कायमच्या नोंदीत क्रमांकाधारित लांब नावच लिहावे. कालाम सुत्तात भगवंतांनी ऐकीव गोष्ट तपासून घेण्यास सांगितले आहे. त्या सवयीचा उपयोग इथेही होतो.

मेनफ्रेमवर एकाच यंत्राला शेकडो डिस्का दिसू शकतात आणि त्यांतल्या बहुतेक इतर विभागांच्या असतात. त्यासाठी 'सीआयओ इग्नोर' ही सूचना आहे. सर्व उपकरणे नजरेआड कर, फक्त ०१५० दाखव, असे तिच्याने सांगता येते. जे आपल्याला दिलेले नाही ते घेऊ नये, या दुसऱ्या शीलाचे हे यंत्रातले पालनच म्हणावे.

हे शिकायचे कुठे?

मेनफ्रेम घरी आणता येत नाही हे खरे. परंतु रॉजर बोलर यांनी सुरू केलेला 'हर्क्युलिस' हा मोफत प्रोग्राम १९९९ पासून उपलब्ध आहे. तो साध्या संगणकावर मेनफ्रेमची हुबेहूब नक्कल करतो. त्यात डिस्क म्हणजे एक फाइल आणि ३२७० म्हणजे एक खिडकी. फॉरमॅट चुकले तर एक फाइल जाते, कोणाचा हिशेब जात नाही. फक्त आवृत्ती जपून निवडावी. २०१५ साली कर्नेलच्या ४.१ आवृत्तीतून जुन्या ३१ बिटांच्या यंत्रांचा आधार काढण्यात आला, म्हणून ६४ बिटांची नक्कल ठेवून तिला जुळणारी लिनक्स आवृत्ती घ्यावी. प्रश्नावलीत प्रत्येक ड्रायव्हरची माहिती तिथल्या तिथे वाचता येते.

आम्ही कला शाखेचे पदवीधर. तरीही खतावणी, स्लिप आणि शिपाई यांच्या आधाराने हा विषय आम्हांला समजला. मग दहावी-बारावीच्या आपल्या मुलामुलींना तो का समजू नये? मंडळाच्या अभ्यासिकेत एक जुना संगणक, त्यावर हर्क्युलिस आणि आठवड्याला दोन तास, एवढ्यावर आरंभ करता येईल. ज्या यंत्रांवर लोकांची पुंजी लिहिलेली असते, ती सांभाळणाऱ्यांत आपलीही मुले असावीत, ही अपेक्षा वावगी नाही.

जयभीम.