पांढऱ्या अस्वलाचा चातुर्मास

ध्रुवीय अस्वल म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दोनच चित्रं येतात. एक म्हणजे थंड पेयाच्या जाहिरातीतलं गुबगुबीत, हसरं अस्वल. दुसरं म्हणजे वितळणाऱ्या बर्फाच्या तुकड्यावर केविलवाणं उभं असलेलं, मुलांच्या पर्यावरण प्रकल्पात हमखास चिकटवलेलं अस्वल. काही चित्रांत शेजारी एखादा पेंग्विनही असतो. खरं तर ध्रुवीय अस्वल उत्तर ध्रुवाकडचं आणि पेंग्विन दक्षिण गोलार्धातले. या दोघांची मोकळ्या निसर्गात कधी गाठ पडत नाही.

वितळत्या बर्फाचं चित्र खोटं नाही, पण त्यातून एक गैरसमज होतो. आपल्याला वाटतं, जग तापतंय, बिचाऱ्या अस्वलाला उकडतंय, म्हणून ते संकटात आहे. माझ्या नऊ वर्षांच्या भाचीनं तर उपायही सुचवला होता, "मामा, त्यांना मोठ्ठा एसी लावून द्यायचा!" पण या अस्वलाची अडचण उकाड्याची नाही, ती जेवणाची आहे. त्यातही जेवणाच्या तारखांची.

मी पेशानं सॉफ्टवेअर इंजिनिअर. जीवशास्त्राशी माझा संबंध शाळेतच सुटला. पण २०२४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शास्त्रज्ञांनी अस्वलांच्या गळ्यात कॅमेरे आणि सेन्सर असलेले पट्टे बांधले होते. मी त्यातलं यंत्र कसं चालतं ते बघायला गेलो आणि अस्वलांच्या गोष्टीतच अडकलो. ती गोष्ट आहे कॅनडातल्या हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्याची. तिथलं चर्चिल हे जेमतेम नऊशे वस्तीचं गाव. गावाला बाहेरून येणारा रस्ताच नाही. यायचं तर विमानानं, नाहीतर विनिपेगहून दोन दिवसांच्या रेल्वे प्रवासानं. जगात ध्रुवीय अस्वलांवर सर्वांत जास्त काळ जिथे अभ्यास झाला, त्या मोजक्या जागांपैकी ही एक.

समुद्र हेच रान

या अस्वलाचं शास्त्रीय नाव उर्सस मॅरिटिमस, म्हणजे समुद्री अस्वल. १७७४ साली कॉन्स्टंटाइन फिप्स या ब्रिटिश दर्यावर्दीनं त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. नाव अगदी योग्य आहे. वाघाला जसं रान, तसा या अस्वलाला गोठलेला समुद्र. हिवाळ्यात हडसन उपसागर गोठतो आणि अस्वलांना शिकारीसाठी शेकडो मैलांचं मैदान मिळतं.

त्यांचं मुख्य खाणं म्हणजे सील, त्यातही रिंग्ड सील. सील पाण्यात राहतो, पण श्वास हवेतून घेतो. त्यासाठी तो बर्फात भोकं राखून ठेवतो. अस्वल अशा भोकाशी जाऊन बसतं. बसतं म्हणजे अगदी न हलता, कधी कधी तासन् तास. सीलनं नाक वर काढलं की एका झटक्यात त्याला बाहेर ओढतं. कित्येकदा ही बैठक फुकटही जाते. पाण्यात पोहून मात्र त्याला सील पकडता येत नाही, कारण तिथे सील कितीतरी चपळ. म्हणजे बर्फ नसेल तर समुद्र सीलनी भरलेला असला तरी अस्वलाचं ताट रिकामंच.

वर्षातला खरा सुगीचा काळ म्हणजे वसंत, साधारण एप्रिल ते जून. तेव्हा सीलची नवी पिल्लं नुकतीच आईपासून सुटलेली असतात, अंगावर भरपूर चरबी आणि अनुभव शून्य. अस्वलं तेव्हा वर्षाची बेगमी करून घेतात. शिकार मोठी असेल तर आधी चरबी खातात, मांस पुष्कळदा कोल्ह्यांना आणि पक्ष्यांना सोडून देतात. आपल्याला ही उधळपट्टी वाटेल, पण त्यामागे हिशेब आहे. चरबीत ऊर्जा जास्त असते, आणि शरीरात ती जळताना पाणीही तयार होतं. मांस पचवायला मात्र जास्त पाणी लागतं, आणि सगळीकडे बर्फ असताना पाणी मिळवणंही खर्चिक.

थंडीची तर या प्राण्याला पर्वाच नाही. पांढरी दिसणारी फर खरं तर रंगहीन, पोकळ केसांची असते. त्याखालची कातडी काळी असते आणि तिच्याखाली काही ठिकाणी दहा सेंटिमीटरपर्यंत चरबी. उलट जोरात पळालं तर त्याला लवकर उकडतं. म्हणून ते सहसा रमतगमत चालतं.

आषाढीपासून कार्तिकीपर्यंत

जून-जुलैत उपसागराचा बर्फ फुटतो. अस्वलं नाइलाजानं किनाऱ्यावर येतात. तिथून नोव्हेंबरच्या सुमारास समुद्र पुन्हा गोठेपर्यंत त्यांचा उपास चालतो. साधारण आषाढी एकादशीला सुरू होऊन कार्तिकीनंतर सुटणारा हा उपास पहिल्यांदा नकाशावर आणि कॅलेंडरवर ताडून पाहिला तेव्हा मला हसूच आलं. हा तर चातुर्मास! फरक इतकाच की यात साबुदाण्याची सोय नाही.

या काळात अस्वलं बहुतेक वेळ लोळून काढतात. खर्च कमी, म्हणून साठा जास्त दिवस पुरतो. सगळ्यांत कडक उपास असतो गाभण मादीचा. मीलन एप्रिल-मेमध्ये होतं, पण फलित अंड लगेच गर्भाशयात रुजत नाही. ते शरद ऋतूपर्यंत थांबून राहतं. तोवर मादीच्या अंगावर पुरेशी चरबी जमली असेल तरच गर्भ वाढू लागतो. आमच्या भाषेत सांगायचं तर ही एक अट आहे. ती पूर्ण झाली तरच पुढचा प्रोग्रॅम चालतो. या भागातल्या अभ्यासात शरद ऋतूत सुमारे १९० किलोपेक्षा कमी वजन असलेल्या माद्यांना पिल्लं झाल्याचं आढळलेलं नाही.

चर्चिलजवळच्या या प्रदेशात मादी नदी-तळ्यांच्या काठच्या मातीत बीळ करते. हा भाग राखण्यासाठी १९९६ साली वापुस्क राष्ट्रीय उद्यान झालं. वापुस्क म्हणजे तिथल्या क्री लोकांच्या भाषेत पांढरं अस्वल. नोव्हेंबर-डिसेंबरच्या आसपास पिल्लं जन्मतात. आई दोनशे किलोंच्या घरात आणि पिल्लू जेमतेम सहाशे ग्रॅमचं, डोळे मिटलेलं. मग जवळजवळ तीस टक्के चरबी असलेल्या दुधावर ते झपाट्यानं वाढतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये आई त्यांना घेऊन बर्फाकडे निघते, तेव्हा तिच्या पोटात शेवटचा घास जाऊन आठ महिने झालेले असतात. पुढची दोन-अडीच वर्षं पिल्लं आईबरोबरच राहून शिकार शिकतात.

म्हणजे उपास हा या अस्वलांच्या जगण्याचाच भाग आहे. प्रश्न आहे तो किती दिवसांचा, एवढाच.

तीन आठवड्यांचा हिशेब

आपल्याकडे मधे अधिक मास आला की चातुर्मास पाच महिन्यांचा होतो, जसा २०२३ मध्ये झाला होता. पण तो काही वर्षांतून एकदा. पश्चिम हडसन उपसागरातल्या अस्वलांना आता १९८०च्या दशकाच्या तुलनेत दरवर्षी सरासरी तीन आठवडे जास्त किनाऱ्यावर काढावे लागतात. बर्फ लवकर फुटतो आणि उशिरा धरतो.

तीन आठवडे ऐकायला किरकोळ वाटतात. पण गळपट्ट्यांच्या अभ्यासातला आकडा घेऊन हिशेब करू. उन्हाळ्यात जमिनीवर असताना अस्वलाचं वजन सरासरी रोज एक किलो घटतं. म्हणजे वीस दिवसांना वीस किलो. शिवाय जो बर्फ आधी फुटतो, तो नेमका सुगीच्या हंगामातला असतो. मिळकत कमी आणि खर्च जास्त, असा दोन्ही बाजूंनी मार बसतो. वजन घटलं की आईचं दूध कमी होतं, पिल्लं अशक्त राहतात आणि तरुण अस्वलं पहिल्याच एकट्या हिवाळ्यात कोलमडतात.

याच भागात १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात सुमारे १,२०० अस्वलं होती. २०१६च्या हवाई पाहणीत अंदाज ८४२ निघाला आणि २०२१च्या पाहणीत ६१८. जवळजवळ निम्मी.

"मग दुसरं काहीतरी खायचं ना!" ही भाचीची पुढची सूचना. हाच प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता, आणि म्हणूनच ते गळपट्टे बांधले होते. वीस अस्वलं, प्रत्येकावर साधारण तीन आठवडे नजर. कुणी जवळजवळ सगळा वेळ पडून काढला. कुणी हिंडून बोरांसारखी रानफळं, पक्षी, समुद्री शेवाळ, जुनी हाडं खाल्ली. तिघं लांब पोहत गेली, त्यातलं एक तर १७५ किलोमीटर. पोहताना दोघांना मेलेले प्राणी सापडले, पण पाण्यात धड खाताही येईना आणि किनाऱ्यावर ओढूनही आणता येईना. शेवटी विसापैकी एकोणीस अस्वलांचं वजन घटलं. फक्त एकाचं वाढलं, बहुधा त्याला एखादा मेलेला मोठा समुद्री प्राणी जमिनीवर सापडला असावा. बाकीच्यांनी हिंडून जेवढं कमावलं, तेवढं हिंडण्यातच गमावलं. आळशी अस्वल आणि उद्योगी अस्वल, दोघांचा ताळेबंद सारखाच.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जगात ध्रुवीय अस्वलं अंदाजे २६,००० आहेत आणि त्यांचे वीसेक वेगवेगळे गट मानले जातात. सगळ्यांची स्थिती एकसारखी नाही. अगदी उत्तरेकडे जिथे बर्फ फारच जाड होता, तिथे तो पातळ झाल्यानं काही गटांना तूर्त फायदाही झाला आहे. हडसन उपसागर दक्षिणेकडे असल्यानं तिथे जे आधी दिसतं, ते पुढे इतरांच्या वाट्याला येऊ शकतं, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडे.

दार उघडं ठेवणारं गाव

उपास लांबला की अस्वलं गावाकडे येतात. उत्तरेकडच्या किनाऱ्यावरचे इन्युइट लोक सांगतात की आता पूर्वीपेक्षा जास्त अस्वलं वस्तीजवळ दिसतात. शास्त्रज्ञ म्हणतात संख्या घटली. ऐकताना वाटतं कुणीतरी एक चुकतंय. पण अस्वलं जास्त दिवस जमिनीवर काढू लागली की कमी असूनही जास्त दिसणार. आणि ज्यांच्या मुलांना त्याच वाटेनं शाळेत जायचंय, त्यांची काळजीही तितकीच खरी.

चर्चिलनं यावर आपले मार्ग काढलेत. तिथे लोक गाडीचं दार कुलूप न लावता ठेवतात. अचानक अस्वल समोर आलं तर कुणालाही आत शिरता यावं म्हणून. ऑक्टोबरच्या अखेरीस हॅलोविनला मुलं घरोघर खाऊ मागत फिरतात, तेव्हा गावाभोवती गस्त असते. पुन्हा पुन्हा वस्तीत घुसणाऱ्या अस्वलांसाठी २८ कोठड्यांचा तुरुंग आहे. तिथे त्यांना पाणी मिळतं, जेवण नाही. खाण्याची चटक लागून ती परत येऊ नयेत हा हेतू. मग त्यांना हेलिकॉप्टरनं लांब सोडतात, किंवा समुद्र गोठला की मोकळं करतात. अस्वल दिसलं की गोळी घालायची, या जुन्या रिवाजाच्या मानानं हा मोठा बदल आहे.

कुलूप न लावण्याची ही पद्धत आपल्या काही शास्त्रज्ञांनाही परिचयाची आहे. नॉर्वेच्या स्वालबार बेटांवर न्यू-ऑलेसुंड इथे २००८ पासून भारताचं हिमाद्री हे संशोधन केंद्र आहे. त्याचा कारभार गोव्यातल्या वास्को इथली राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था पाहते. त्या वस्तीतही अस्वलाच्या भीतीनं दारं उघडी ठेवतात आणि वस्तीबाहेर पडताना संरक्षणाची तयारी लागते. बारावीनंतर काय, असा प्रश्न असलेल्या मुलामुलींनी या संस्थेची माहिती जरूर वाचावी.

बाकीच्यांसाठी सोपा मार्ग आहे. दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चर्चिलजवळून अस्वलांचं थेट चित्रण इंटरनेटवर मोफत दाखवलं जातं. आपण रात्री जेवून उठतो तेव्हा तिथे सकाळ असते, त्यामुळे वेळही सोयीची. बराच वेळ काहीच घडत नाही. अस्वलं पडलेली असतात, मधेच दोन नर उभे राहून लुटुपुटीची कुस्ती खेळतात. ती सगळी चर्चिलच्या आसपास जमतात कारण तिथल्या नद्यांचं गोडं पाणी समुद्रात मिसळतं आणि कमी खारट पाणी आधी गोठतं. एखाद्या रात्री किनाऱ्याजवळचं करडं पाणी पांढरं झालेलं दिसतं. मग एक अस्वल कडेला येतं, पंजानं बर्फ दाबून बघतं आणि परत फिरतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा येतं. यंदा कार्तिकीचा उपास सोडून झाला की मुलांना घेऊन नक्की बघा, त्यांचा सुटला का ते.