सोऱ्यापासून युरियापर्यंत

खताच्या पोत्यावर तीन आकडे ठळक छापलेले असतात. पहिला नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशचा. सुफलाच्या पोत्यावर १५:१५:१५, डीएपीच्या पोत्यावर १८:४६:०. युरियात नुसता नत्रच, तोही ४६ टक्के. यातल्या पहिल्या आकड्यासाठी माणसांनी समुद्रातली बेटं खरवडून काढली, वाळवंटावरून युद्ध केलं, एका देशाने आपला समुद्रकिनारा कायमचा गमावला आणि दोन महायुद्धांच्या तोफा चालल्या. लोखंड, तांबं, सोनं यांचा इतिहास आपण शाळेत शिकतो. पण गेल्या तीनशे वर्षांत माणसाचं जगणं आणि मरणं सर्वांत जास्त बदललं असेल, तर ते नत्राने म्हणजे नायट्रोजनने, असं माझं ठाम मत आहे.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे. प्रत्येक शेतावर तो अखंड उभा आहे, तरी गव्हाच्या, ज्वारीच्या मुळांना त्याचा काही उपयोग नाही. कारण त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना घट्ट धरून असतात. हा बंध तोडून नत्र हायड्रोजनला किंवा ऑक्सिजनला जोडला, तरच पिकाला तो शोषता येतो. निसर्गात हे काम वीज कडाडते तेव्हा थोडंफार होतं. बाकी सगळं माती-पाण्यातले काही मोजके जिवाणू करतात. आपल्या शरीरातलं प्रत्येक प्रथिन, पेशीतला डीएनए, सगळं याच जोडलेल्या नत्रातून घडतं. त्यामुळे तो किती मिळेल यावर माणसांची संख्या ठरत आली.

पोट भरण्याआधी माणसाने त्याचा उपयोग केला तो मारण्यासाठी. बंदुकीच्या काळ्या दारूत साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असतं. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. जनावरांचं मलमूत्र मातीत मुरतं, जिवाणू त्यातल्या नत्राचं नायट्रेट करतात आणि पावसाळ्यानंतर जमीन सुकली की पांढरा क्षार वर येतो. बिहारमध्ये नोनिया समाजातले लोक ही माती खरवडून, पाण्यात निथळून, ते पाणी आटवून सोरा काढत. पाटण्याहून तो गंगेतून कलकत्त्याला आणि पुढे जहाजांनी युरोपात जाई. इंग्रजांचा भारतातला व्यापार म्हटलं की आपल्याला मलमल आणि नीळ आठवते. पण प्लासीची लढाई जिंकल्यावर पुढच्याच वर्षी, १७५८ मध्ये, क्लाइव्हने मीर जाफरकडून बिहारच्या सोऱ्याचा मक्ता मिळवला. त्या वेळी इंग्लंड आणि फ्रान्स यांचं सप्तवार्षिक युद्ध चालू होतं आणि फ्रान्सला सोरा कमी पडत होता. आधुनिक रसायनशास्त्राचा पाया घालणाऱ्या लाव्हाझिएला १७७५ मध्ये फ्रान्सच्या सरकारने दारूगोळ्याच्या कारभारावर नेमलं, त्यामागे ही टंचाईच होती.

शेतीकडे नत्र वळला तो एकोणिसाव्या शतकात. जर्मन शास्त्रज्ञ हुम्बोल्ट याने पेरूच्या किनाऱ्यावरून ग्वानोचे, म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे, नमुने १८०४ मध्ये युरोपात आणले. तिथल्या चिंचा बेटांवर पाऊस जवळजवळ पडत नसल्याने नत्र वाहून न जाता विष्ठेचे उंच थर साचले होते. इंका लोक हे खत कित्येक पिढ्या वापरत होते. युरोपला ते समजलं आणि पुढच्या काही दशकांत बेटं पोखरली गेली. हे काम मुख्यतः फसवून आणलेल्या चिनी मजुरांकडून करून घेतलं गेलं. डोळ्यांत आणि छातीत भरणाऱ्या त्या धुळीत हजारो माणसं खपली. युरोपच्या शेतातलं वाढीव पीक या मजुरांच्या जिवावर उभं होतं, हे शेतीच्या इतिहासात ठळकपणे लिहिलं जायला हवं.

ग्वानो संपत आला तेव्हा नजर गेली ती जवळच्याच अटाकामा वाळवंटातल्या सोडियम नायट्रेटकडे. शेतीला खत आणि स्फोटकांना कच्चा माल, दोन्ही गरजा त्यातून भागत. बोलिव्हियाने चिलीच्या कंपनीवर दर क्विंटलला १० सेंटांचा कर लावला आणि त्यावरून १८७९ मध्ये युद्ध पेटलं. चिली जिंकला. बोलिव्हियाचा सगळा किनारा गेला आणि तो देश आजही भूवेष्टित आहे. तरी त्याचं नौदल आहे आणि दरवर्षी २३ मार्चला तिथे गमावलेल्या समुद्राचा दिवस पाळला जातो.

चिलीचा साठाही कधीतरी संपणारच होता. १८९८ मध्ये ब्रिस्टलच्या एका सभेत ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम क्रूक्स यांनी इशारा दिला, की हवेतला नत्र बांधण्याची युक्ती रसायनशास्त्रज्ञांनी शोधली नाही, तर गहू खाणाऱ्या जगाला उपास घडेल. अकरा वर्षांनी, २ जुलै १९०९ रोजी, जर्मनीतल्या कार्ल्सरूहे इथे फ्रिट्झ हाबर आणि त्याचा इंग्रज सहकारी रॉबर्ट ल रोसिन्योल यांनी बीएएसएफ कंपनीच्या माणसांसमोर आपलं यंत्र चालवून दाखवलं. एका बाजूने नायट्रोजन आणि हायड्रोजन आत जात होते. दुसऱ्या बाजूने द्रव अमोनिया थेंब थेंब गळत होता.

प्रयोगशाळेतले हे थेंब कारखान्यात आणणं ही वेगळीच लढाई होती. वातावरणाच्या सुमारे २०० पट दाब, पाचशे अंशांच्या आसपास तापमान आणि ऑस्मियम नावाचा अत्यंत दुर्मीळ उत्प्रेरक, एवढा सगळा मामला. बीएएसएफमधल्या आल्विन मिटाश याच्या गटाने हजारो चाचण्या करून ऑस्मियमच्या जागी थोडी मिश्रणं घातलेलं साधं लोखंड आणलं. मग पोलादी नळकांडी फुटू लागली, कारण तापलेला हायड्रोजन पोलादातला कार्बन ओढून घेई आणि ते ठिसूळ होई. त्याच कंपनीतल्या कार्ल बॉश याने आत मऊ लोखंडाचं अस्तर घातलं, बाहेर मजबूत पोलादी कवच ठेवलं आणि त्या कवचाला बारीक छिद्रं पाडली, म्हणजे झिरपलेला हायड्रोजन निघून जाईल. इतका साधा आणि इतका हुशार उपाय विज्ञानाच्या इतिहासात फार थोडा सापडतो. सप्टेंबर १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊचा अमोनियाचा कारखाना सुरू झाला.

वर्षभरात महायुद्ध पेटलं. ब्रिटिश आरमाराने चिलीचा माल अडवला, तेव्हा जर्मनीने याच अमोनियापासून नायट्रिक आम्ल आणि त्यापासून स्फोटकं बनवली. ते युद्ध चार वर्षं लांबलं, त्यात या शोधाचा मोठा वाटा आहे. हाबर तेवढ्यावर थांबला नाही. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर त्याच्या देखरेखीखाली क्लोरीन वायू सोडला गेला. काही दिवसांतच त्याची पत्नी क्लारा इमरवार, जी स्वतः रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली होती, तिने आत्महत्या केली. हाबरला १९१८ सालचं नोबेल मिळालं. १९३३ मध्ये ज्यू म्हणून त्याला जर्मनी सोडावी लागली आणि पुढच्याच वर्षी तो परदेशात वारला. त्याच्या खतावर जगलेली कोट्यवधी माणसं खरी आणि ईप्रच्या खंदकात गुदमरलेले सैनिकही खरे. एकामुळे दुसरं पुसलं जात नाही.

नत्राचा हा दुसरा चेहरा मुंबईनेही पाहिला आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या फोर्ट स्टिकिन जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे १,४०० टन दारूगोळा. दोन प्रचंड स्फोटांनी गोदी आणि आजूबाजूची वस्ती उद्ध्वस्त केली, शेकडो माणसं गेली. आग विझवायला धावलेले ६६ अग्निशमन जवान त्यात हुतात्मा झाले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

आपल्या ताटाकडे नत्र आला तो स्वातंत्र्यानंतर. जुन्या उंच गव्हाला जास्त नत्र दिला की ओंबी जड होऊन पीक लोळायचं. कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांचं बुटकं वाण तेवढाच नत्र पचवून ताठ उभं राही. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोहून १८,००० टन बियाणं आणलं आणि देशभर खताची मागणी वाढली. आपल्याकडे चेंबूरला आणि पुढे अलिबागजवळ थळला मोठे कारखाने उभे राहिले. आज जगातल्या जवळजवळ निम्म्या माणसांचं अन्न कारखान्यात बांधलेल्या नत्रावर पिकतं. हरितक्रांतीला सरसकट दोष देणाऱ्यांनी हा आकडा विसरू नये.

पण स्वस्त युरियाने आपला हात सैल केला, हेही तितकंच खरं. टाकलेल्या नत्रातला निम्म्याहून अधिक भाग पुष्कळदा पिकाला मिळतच नाही. काही हवेत उडतो, काही पाटपाण्याबरोबर खाली झिरपून विहिरीत नायट्रेट म्हणून उतरतो आणि ते पाणी तान्ह्या बाळांना घातक ठरू शकतं. जमिनीतून निघणारा नायट्रस ऑक्साइड तापमानवाढीत तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटींहून अधिक भर घालतो. शिवाय जादा नत्राने काळंभोर, लुसलुशीत झालेलं पीक मावा आणि तुडतुडे यांना आमंत्रणच देतं.

आपल्या जुन्या शेतकऱ्यांना नत्र हा शब्द ठाऊक नसेल, पण बेवड ठाऊक होता. हरभऱ्यावर, मुगावर घेतलेलं पुढचं पीक चांगलं येतं, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं होतं. द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठीत राहणारे रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र बांधतात, हे युरोपात १८८० च्या दशकात सिद्ध झालं. ओपाऊला जे करायला २०० पट दाब लागला, ते हे जिवाणू साध्या मातीच्या तापमानाला करतात.

शेती करणाऱ्या वाचकांना एक विनंती. हरभरा पेरताना १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम गुळाच्या थंड पाण्यात कालवून चोळा, बियाणं सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी. आणि गव्हाला युरिया टाकण्यापूर्वी एकदा माती तपासून घ्या.