जनरेटर चालतो, पण वीज का देत नाही?



उसाला पाण्याची पाळी आली आणि नेमकी लाईट गेली, की जनरेटरची आठवण होते. इंजिन सुरू होते, धूर निघतो, आवाजही नेहमीसारखाच. पण मोटार हलत नाही आणि घरातला दिवा पेटत नाही. मग 'जळाला' म्हणून जनरेटर ट्रॉलीत घालून तालुक्याला न्यायचा. तसे करण्याआधी पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात, असे आम्ही सुचवितो. पुष्कळदा दोष जनरेटरच्या बाहेरच सापडतो.

जनरेटर म्हणजे एकाला एक जोडलेली दोन यंत्रे. इंजिन फिरविते आणि अल्टरनेटर वीज करतो. इंजिन चालले म्हणजे वीज झालीच, असे नाही.

१) ब्रेकर व चेंजओव्हर : सर्व भार बंद करावा. जनरेटरचा ब्रेकर पडला आहे का, चेंजओव्हरची दांडी जनरेटरच्या बाजूला आहे का, ते पाहावे. इंजिन थांबवून तारांची टोके सैल किंवा काळी पडली आहेत का, तेही पाहावे. उंदरांनी कुरतडलेली केबल हेही नेहमीचेच कारण.

२) मीटर लावणे : इंजिन रिकामे चालवून वायरमनकडून व्होल्टेज मोजून घ्यावे. फेज-न्यूट्रलमध्ये सुमारे २३० आणि थ्री-फेजच्या दोन फेजमध्ये सुमारे ४१५ मिळाले, तर अल्टरनेटर ठीक आहे. दोष पुढच्या वायरिंगमध्ये किंवा स्टार्टरमध्ये आहे. तीनपैकी एक फेज नसेल, तर मोटार नुसती गुरगुरते आणि जळते. ती ताबडतोब बंद करावी.

३) व्होल्टेज अगदी थोडे : मीटर दोन-चार व्होल्टच दाखवीत असेल, तर कार्बन ब्रश, डायोड किंवा एव्हीआर यांकडे संशय जातो. लहान पेट्रोल जनरेटरमध्ये बहुधा कपॅसिटर असतो. तो इंजिन बंद केल्यावरही झटका देतो, त्याला हात लावू नये.

४) व्होल्टेज शून्य : अल्टरनेटरच्या लोखंडात थोडे चुंबकत्व शिल्लक असते, त्याच्या जोरावर वीज सुरू होते. यंत्र महिनोन् महिने पडून राहिले, किंवा भार चालू असतानाच बंद पडले, तर ते जाऊ शकते. माहितगार मिस्त्री १२ व्होल्टच्या बॅटरीने क्षणभर प्रवाह देऊन ते परत आणतो. तारा उलट लागल्या तर नुकसान होते, म्हणून हे घरी करू नये.

५) भार टाकताच बसतो : मोटार थेट सुरू होताना नेहमीच्या सहा-सात पट प्रवाह खेचते. ५ एच.पी.ची मोटार चालविताना ५ केव्हीएला पुरेल असे वाटते, पण थेट स्टार्टरवर सुमारे १२ ते १५ केव्हीए लागतात. जनरेटर पुरेसा असूनही बसत असेल, तर एअर फिल्टर व डिझेल फिल्टर पाहावेत. इंजिनाचे फेरे कमी पडले की व्होल्टेजही पडते.

आता सर्वांत महत्त्वाचे. जनरेटरची वायर घरातल्या प्लगमध्ये किंवा मोटारीच्या बोर्डात तशीच खोचण्याची सवय काही ठिकाणी आहे. ती सोडलीच पाहिजे. चेंजओव्हर नसेल तर ही वीज उलटी डीपीवर जाते. तिथला ट्रान्सफॉर्मर ४१५ व्होल्टचे ११,००० व्होल्ट करतो. लाईट गेली म्हणून निर्धास्तपणे खांबावर चढलेला वायरमन आपल्याच गावचा असतो, हे विसरू नये.

तसेच जनरेटर बंद खोलीत किंवा गोठ्यात चालवू नये. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो.

महिन्यातून एकदा अर्धा तास भारावर चालवावा. सुरू केल्यावर दोन मिनिटांनी भार द्यावा. बंद करताना आधी भार काढावा, मग इंजिन. एवढे पथ्य पाळले, तर ऐन पाण्याच्या पाळीला जनरेटर दगा देण्याची भीती पुष्कळ कमी होते.