छातीत जळजळ होते तेव्हा

जेवण होते. थोड्या वेळाने छातीत जळजळते. घशाशी आंबट पाणी येते. आपण म्हणतो, "पित्त झालं." कोणी सोडा पितो, कोणी दुकानातून गोळी आणतो. पण कोणती गोळी काय करते, हे आपल्याला ठाऊक असते का?

आपल्या पोटात एक पिशवी असते. तिला जठर म्हणतात. अन्न पचावे म्हणून जठरात एक आंबट रस तयार होतो. हा रस म्हणजे आम्ल. त्यालाच अ‍ॅसिड म्हणतात. जठराला आतून चिकट अस्तर असते, म्हणून जठर भाजत नाही. वरच्या अन्ननळीला असे अस्तर नसते. दोघांच्या मध्ये एक झडप असते. घास खाली गेला की ती मिटते. झडप सैल पडली की आम्ल वर चढते. मग जळजळ होते.

यावर तीन तऱ्हेची औषधे आहेत.

पहिले, पांढरे पातळ औषध किंवा चघळायची गोळी. हे औषध तयार झालेले आम्ल मारते. लगेच बरे वाटते, पण थोडाच वेळ. दूध उतू जाताना पाण्याचा शिपका मारला तर दूध खाली बसते, पण चुलीतला जाळ तसाच राहतो. तसेच हे आहे.

दुसरे, फॅमोटिडिनची गोळी. ही जाळ थोडा कमी करते. गुण यायला तासभर लागतो, पण तो बराच वेळ टिकतो.

तिसरे, ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोल. ही औषधे आम्ल तयार होण्याचे कामच बरेचसे थांबवतात. ती जेवणाआधी अर्धा तास घ्यावीत. पुरता गुण यायला दोन-चार दिवस लागतात. डॉक्टर सांगतील तितकेच दिवस घ्यावीत. वर्षानुवर्षे आपल्या मनाने घेऊ नयेत.

सोड्यानेही आम्ल मरते. पण सोड्यात मिठासारखाच क्षार असतो. रक्तदाब असणाऱ्याने सोडा टाळावा.

आणखी एक गोष्ट. अंग दुखते म्हणून उपाशीपोटी दुखण्याच्या गोळ्या घेऊ नका. काही गोळ्यांनी जठराला जखम होते. मग जळजळ वाढते.

औषधाइतकेच पथ्यही महत्त्वाचे. रात्री जेवल्यावर दोन-तीन तास आडवे होऊ नका. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवा. तंबाखू, विडी, दारू सोडा. पोट तडीस लागेपर्यंत जेवू नका.

आता नीट ऐका. छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते, दरदरून घाम येतो, कळ हातात किंवा जबड्यात जाते, दम लागतो. हे पित्त नव्हे! हा हृदयाचा झटका असू शकतो. सोडा पिऊन वाट पाहू नका. लगेच १०८ नंबर फिरवा. गाडी येते, पैसे लागत नाहीत.

शौच डांबरासारखे काळे झाले, उलटीत रक्त आले, घास अडकू लागला किंवा अंग झडू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दोन आठवडे औषध घेऊनही जळजळ थांबत नसेल, तरी दाखवा.

जळजळ लहान वाटते. पण तिच्याआड मोठे दुखणे दडलेले असू शकते. गोळी गिळण्याआधी दुखणे ओळखा.