शब्दांची ओळख : ‘अशक्त’ म्हणजे नेमके काय?



रोवणीचे दिवस होते. वर्गातली एक मुलगी आठवडाभर बाकावर डोकं टेकवून बसायची. घरी निरोप पाठवला, तर आई म्हणाली, “बिमार नाही जी ते, जराशी असक्त आहे.” मीही हजेरीपत्रकावर ‘हजर’ लिहून मोकळा झालो. नंतर तपासणीत तिच्या रक्तात हिमोग्लोबिन बरंच कमी निघालं. तेव्हापासून हा शब्द मी वर्गात नीट शिकवतो.

शब्द कसा तयार झाला?
अ + शक्त = अशक्त. मूळ संस्कृत धातू ‘शक्’, म्हणजे समर्थ असणे. शक्ती, शक्य, अशक्य, सशक्त हे सगळे त्याच घरातले शब्द. आपले ‘शकणे’ हे क्रियापदही त्यातलेच. म्हणून मुलांना सोपे करून सांगा : ज्याला करता येत नाही, जो करू ‘शकत’ नाही, तो अशक्त. आपल्या झाडीबोलीत ‘श’चा ‘स’ होतो, म्हणून घरी ‘असक्त’ ऐकू येते. ते चूक म्हणून मुलाला हसू नका. बोलीतला उच्चार आणि लेखनातले रूप दोन्ही फळ्यावर लिहा.

अर्थातला फरक
- आजारी, बिमार : रोग झालेला. दोन्ही शब्द फारसीतून आले. ‘तो तापाने आजारी आहे.’
- अशक्त : अंगात ताकद नसलेला. ‘टायफॉइडनंतर तो फार अशक्त झाला.’
- दुबळा : ‘दुर्बल’पासून आलेला. शरीराशिवाय परिस्थितीलाही चालतो. ‘आर्थिक दुर्बल घटक’ म्हणतात, ‘आर्थिक अशक्त घटक’ म्हणत नाहीत.
- कृश : अंगाने बारीक. बारीक पोरगं अशक्तच असतं असं नाही.

व्याकरण
‘अशक्त’ हे विशेषण बदलत नाही : अशक्त मुलगा, अशक्त मुलगी, अशक्त मुले. ‘दुबळा’ मात्र बदलते : दुबळा, दुबळी, दुबळे. नाम अशक्तपणा (पुल्लिंगी) किंवा अशक्तता (स्त्रीलिंगी). विरुद्धार्थी शब्द सशक्त, धडधाकट. अभ्यासात मागे असलेल्या मुलाला ‘अशक्त’ म्हणत नाहीत, ‘कच्चा’ म्हणतात.

गफलत इथेच होते
आजार आहे म्हटलं की आपण दवाखाना गाठतो. अशक्तपणा म्हटलं की “खात नाही, दुसरं काय” म्हणून सोडून देतो. पण अशक्तपणा हे बरेचदा आजाराचंच लक्षण असतं. रक्तक्षयात मूल लवकर थकतं, धाप लागते, नखं-ओठ फिके दिसतात. पूर्व विदर्भात सिकलसेलही आढळतो. हा आई-वडिलांकडून येणारा आजार. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. थकव्यासोबत हातपाय, सांधे दुखतात, डोळे पिवळसर दिसतात. 1 जुलै 2023 पासून देशात सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. सरकारी दवाखान्यात चौकशी करून रक्त तपासून घ्या. 5 ते 9 वर्षांच्या मुलांसाठी आठवड्याला एक गुलाबी लोहगोळी असते. पण सिकलसेल असलेल्या मुलाला ती डॉक्टरांना विचारूनच द्यावी.

वर्गात करून पाहा
1. ‘शक्’पासून बनलेले पाच शब्द लिहून घ्या.
2. ‘आजारी’ आणि ‘अशक्त’ यांची दोन-दोन वाक्ये करायला सांगा.
3. “तुला काय होतं?” याचं उत्तर एका पूर्ण वाक्यात सांगायला लावा : “मला चढ चढल्यावर धाप लागते”, “माझे गुडघे दुखतात.”

तिसरा सराव मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ज्या लेकराला आपला त्रास शब्दांत सांगता येतो, त्याच्याकडे मोठ्यांचं लक्ष लवकर जातं. आणि पालकांनो, पुढच्या वेळी “जरासा अशक्त आहे” असं तोंडात आलं, तर स्वतःलाच एक प्रश्न विचारा : कशामुळे?