समुपदेशकाच्या नोंदी : अहवाल आणि गोपनीयता

लैंगिक आरोग्य कार्यक्रमातील समुपदेशक दोन हेतूंनी नोंदी ठेवतो : व्यक्तीच्या पुढील भेटीत सातत्य राहावे आणि मासिक अहवालासाठी आकडेवारी मिळावी. या हेतूंची सरमिसळ झाल्यास गोपनीयता धोक्यात येते.

एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात प्रत्येक व्यक्तीस ओळख क्रमांक दिला जातो. नाव-पत्त्याची वही स्वतंत्र व कुलूपबंद ठेवावी. अन्यत्र शक्यतो क्रमांकच वापरावा. टिपणात संमती, जोखमीचे स्वरूप, दिलेली माहिती, संदर्भसेवा व पुढील भेटीची तारीख एवढेच असावे. ‘वाईट चालीची’ यांसारखे निवाडा करणारे शब्द कटाक्षाने टाळावेत.

एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. त्याच्या कलम ८ नुसार लेखी संमतीविना एचआयव्हीविषयक स्थिती सामान्यतः उघड करता येत नाही. कलम ११ नुसार नोंदींचे संरक्षण संबंधित आस्थापनेवर बंधनकारक आहे. ज्यावरून व्यक्ती ओळखू येणार नाही, अशी सांख्यिकीय माहिती मात्र या संमतीच्या अटीतून वगळली आहे. तथापि, नाव गाळले म्हणजे ओळख लपली असे नव्हे. लहान गावाच्या नावापुढील ‘बाधित गरोदर स्त्री : १’ एवढी नोंदही पुरेशी बोलकी ठरते. म्हणून केंद्राबाहेर जाणाऱ्या माहितीत गावनिहाय आकड्यांऐवजी एकत्रित बेरीज द्यावी.

विश्वास एकदा गमावला की ती व्यक्ती केंद्राकडे पुन्हा फिरकत नाही आणि उपचारही खंडित होतात. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांचे क्षेत्रकार्य अहवाल तपासताना प्राध्यापकांनीही हीच कसोटी लावणे अगत्याचे आहे.